खांदा बसला, पण हात उठत नाही

पत्राचा सारांश

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंनी लिहिलं आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचे यजमान (वय ४६) चिंचा झोडायला झाडावर चढले. पाय सटकला आणि पडता पडता उजव्या हातानं त्यांनी फांदी धरली. सगळं वजन त्या एका हातावर आलं, मग फांदी सुटली. खाली आले तेव्हा हात डोक्यावर होता आणि तो खाली येईना. "शाळेत पोट्टं हात वर करते ना, तसा हात वरच राह्यला. लोकाईले वाटलं मजाक करून राह्यले." तसाच हात वर ठेवून जीपमधून उपजिल्हा रुग्णालयात नेलं. गुंगीचं इंजेक्शन देऊन डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी खांदा बसवला, एक्सरे काढून दाखवला आणि तीन आठवडे हात गळ्यात बांधून ठेवायला सांगितलं. आता दहा आठवडे झालेत. मूठ वळते, कोपर वाकतं, पण हात अंगापासून वर उचलला जात नाही. खांद्याच्या बाहेरच्या बाजूला बधिर आहे आणि खांद्याची गोलाई बसून गेली आहे. भासरे (यजमानांचे थोरले भाऊ) म्हणतात, "डॉक्टरनं ओढताना नस दाबली," आणि ते शेजारच्या तालुक्यातल्या हाडवैद्याकडे नेणार आहेत. पुण्याचा पुतण्या म्हणतो, नागपूरला जाऊन एमआरआय करा आणि ऑपरेशन उरकून टाका. रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले, "नसेचं आहे, वेळ लागेल, वाट पाहा." मृग तोंडावर आहे, चार एकर पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर लावायची आहे. ताई विचारतात: कोणाचं ऐकू? आणि शेवटी एक ओळ: "चिंचा झोडायले मीच लावलं होतं."

उत्तर

ताई, आधी तुमच्या त्या शाळेतल्या पोट्ट्याबद्दल. हात वरच अडकून राहतो अशा खांदा निखळण्याचं याहून चांगलं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. वैद्यकात याला 'लक्सेशिओ इरेक्टा' म्हणतात, म्हणजे 'ताठ उभं निखळणं'. मिडेलडॉर्फ आणि शार्म या दोघांनी १८५९ साली याची पहिली नोंद केली. प्रकार इतका दुर्मिळ आहे की खांदा निखळलेल्या दोनशे जणांत असा एखादाच सापडतो. बाकी बहुतेकांचा खांदा पुढच्या बाजूला उतरतो, शंभरात दोन-चार जणांचा मागे जातो. माझी सगळी नोकरी फिजिओथेरपीत गेली आणि खालच्या बाजूला निखळलेले असे खांदे मी तीनच पाहिले. त्यातला एक माणूस विहिरीत उतरताना दोराला लटकला होता. तुमच्या यजमानांसारखीच गोष्ट: जीव वाचवायला हात वर धरला आणि अंगाचं वजन खाली गेलं.

त्या क्षणी आत काय झालं ते समजून घेतलंत, तर भासरे, पुतण्या आणि डॉक्टर या तिघांचं बोलणं तुम्हाला वेगळं ऐकू येईल. हात वर जाण्याची एक हद्द असते. त्या हद्दीपलीकडे ताणला, की दंडाचं हाड खांद्याच्या टोकावरच्या हाडाला टेकतं आणि पहारीसारखं उलटतं. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा खालच्या बाजूनं सांध्याचं आवरण फाडून काखेत उतरतो. काखेत काय असतं? हाताकडे जाणाऱ्या नसांची जुडी आणि मुख्य रक्तवाहिनी. आणि वरच्या बाजूला? त्या गोळ्याला वरून, पुढून आणि मागून धरून ठेवणारे स्नायूबंध, ज्यांना डॉक्टर 'रोटेटर कफ' म्हणतात. गोळा खाली उतरला की नसांवर दाब येतो आणि हे बंध ताणून फाटतात, किंवा ज्या हाडाला ते चिकटलेले असतात त्याचा कोपराच सोबत उचकटून येतो. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात या प्रकारच्या रुग्णांपैकी सुमारे ८० टक्के जणांत बंध फाटलेला किंवा हाडाचा तो कोपरा तुटलेला होता, सुमारे ६० टक्के जणांत नसेला कमी-जास्त इजा होती आणि ३ टक्क्यांच्या आसपास लोकांत रक्तवाहिनीला. बेरीज शंभरावर जाते ना? कारण एकाच माणसाला दोन-दोन गोष्टी होतात, आणि सगळ्यात जास्त चुकामूक तिथंच होते.

भासऱ्यांचं म्हणणं आधी बाजूला ठेवू. खांदा बसवताना नसेला धक्का लागू शकतो, हे खोटं नाही. पण ही नस बहुतेक वेळा झाडावरच दुखावलेली असते, फांदीला लटकलेल्या त्या क्षणी. डॉक्टरांनी तर गोळा काखेतून बाहेर काढून नसांवरचा दाब उतरवला. रुग्णालयातून मिळालेलं कार्ड काढून बघा. त्यावर 'नो डीएनव्हीडी' असं काहीतरी खरडलेलं असेल. त्याचा अर्थ एवढाच, की हाताच्या टोकाकडची नाडी लागत होती, बोटं हलत होती आणि त्यांना स्पर्श कळत होता. खांद्याच्या नसेबद्दल त्यात काहीच नसतं. आणि त्या दिवशी, हात डोक्यावर अडकलेला असताना, खांद्याचा स्नायू ताकद लावतो की नाही हे तपासायचं तरी कसं? दुखण्यापुढे कोणाचाच खांदा ताकद लावत नाही. ती तपासणी दहा-पंधरा दिवसांनी, किंवा उशिरात उशिरा गळ्यातला झोळा काढताना व्हायला हवी होती. झाली नसेल, तर आता होऊ द्या. कोणी चूक केली याचा शोध यंदाच्या हंगामात तुम्हाला परवडणारा नाही.

डॉक्टरांच्या 'वाट पाहा'शी मात्र मला थोडं भांडायचं आहे.

हात न उठण्याची कारणं दोन असू शकतात आणि दोघांची घड्याळं उलटी चालतात. नस असेल तर थांबणं हेच औषध. बंध फाटला असेल तर थांबणं म्हणजे नुकसान. तुमच्या घरात तिघं जण तीन उपाय सांगतायत, पण यातलं कोणतं कारण आहे हे अजून कोणीच पाहिलेलं नाही. डॉक्टरांना बधिरपणा दिसला आणि ते नसेवर थांबले. ते चुकीचं नसेल, पण अर्धवट असू शकतं. खांद्याची ती नस, अॅक्सिलरी नर्व्ह, एकटीच दुखावली असेल आणि बंध शाबूत असतील, तर बऱ्याच जणांना हात थोडाफार वर नेता येतो. लवकर थकतो, ताकद नसते, पण जातो. तुमच्या यजमानांचा हात अंगापासून सुटतच नाही. वय ४६ आहे. चाळिशीनंतर खांदा निखळला की बंध फाटण्याची शक्यता वाढते, कारण वयानुसार ते झिजलेलेच असतात. म्हणून 'नस आहे' एवढ्यावर मी समाधान मानणार नाही.

घरी तुम्ही तीन गोष्टी पाहू शकता. रोग ओळखण्यासाठी नाही, डॉक्टरांना नेमकं सांगता यावं म्हणून.

यजमानांना सदरा काढून बाजेवर बसवा आणि स्वतः मागे उभ्या राहा. सरकी काढलेल्या कापसाची बारीक वात करून दोन्ही खांद्यांच्या बाहेरच्या बाजूला, पोलीस बाहीवर पट्टी लावतात त्या जागी, हलकेच फिरवा. त्यांना डोळे मिटायला सांगा, कळलं की 'हो' म्हणू द्या. जिथं 'हो' येत नाही त्या जागेभोवती पेनानं रेघ मारून फोटो काढून ठेवा. पुढच्या महिन्यात रेघ आत सरकली तर ती चांगली खूण. मात्र स्पर्श नीट कळतो म्हणून नस ठणठणीत आहे असं धरू नका. कातडीची जाण शाबूत आणि स्नायू गप्प, असंही होतं.

दुसरी गोष्ट: तुमची चार बोटं त्यांच्या उजव्या खांद्याच्या गोलाईवर ठेवा. त्यांना कोपर अंगाशी ठेवून बाहेरच्या बाजूला भिंतीवर दाबायला सांगा. हात हलायला नको, नुसता जोर लावायचा. बोटांखाली काही आवळल्यासारखं होतं का? डाव्या खांद्यावर तेच करून बघा म्हणजे फरक कळेल.

तिसरी: त्यांना उताणं झोपवा. उजवा हात अगदी सैल सोडायला सांगा आणि तुम्ही तो मनगट-कोपराला धरून हळूहळू वर न्या, दुखेल तिथं थांबा. तुम्ही नेल्यावर हात बराच वर जातो, पण त्यांना स्वतःला नेता येत नाही, तर गडबड नसेची किंवा बंधाची. तुम्ही नेल्यावरही जात नाही, दगडासारखा अडतो, तर सांधा आखडलाय, आणि हे तिसरं कारण आधीच्या दोघांसोबत हटकून येतं. घरात कोणाला साखरेचा आजार असेल तर यजमानांचीही साखर तपासून घ्या, साखरवाल्यांचे खांदे फार लवकर आखडतात.

आता नसेबद्दल, कारण तुमच्या पत्रात 'नस मेली का' हा शब्द दोनदा आलाय. या प्रकारात दुखावलेल्या बहुतेक नसा भरून येतात. नुसता ताण किंवा दाब बसला असेल, तर काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत स्नायू जागा होतो. आतले तंतू तुटले पण वरची नळी शाबूत राहिली, तर तंतू पुन्हा वाढत जातात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे महिन्याला जेमतेम बोटाचं एक पेर. काखेपासून खांद्याच्या स्नायूपर्यंतचं अंतर मोजलं तर दहा आठवड्यांत काही न दिसणं यात घाबरण्यासारखं नाही. पण किती बिघडलंय हे कळायला 'एनसीव्ही-ईएमजी' नावाची तपासणी असते. आधी करंटचे बारीक चटके देतात, मग स्नायूत बारीक सुई घालून त्याचा आवाज ऐकतात. ही पहिल्या तीन आठवड्यांत केली तर फसवी येते. त्यामुळे तेव्हा केली नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, आता तिची अगदी योग्य वेळ आहे. सहा ते आठ आठवड्यांनी तीच परत करायची आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायचे.

किती दिवस थांबायचं? तुमच्या घरच्या कॅलेंडरनं सांगते. आखाडीपर्यंत, म्हणजे अपघाताला चार महिने होईपर्यंत, स्नायूत काहीच हालचाल नाही आणि दुसऱ्या ईएमजीतही काही नाही, तर नसांचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला दाखवायचं. ते पोळ्याच्या आत व्हायला हवं. नस जोडायची किंवा शेजारच्या नसेची फांदी तिला द्यायची, तर सहा महिन्यांच्या आत केलेलं चांगलं लागतं. वर्ष उलटून गेलं की स्नायूच वाळतो, मग नस पोचली तरी उपयोग नाही. बहुतेकांवर ही वेळ येत नाही, पण ज्यांच्यावर येते ते बरेचदा 'वाट पाहा' ऐकून दीड वर्षानं येतात.

बंधाचं घड्याळ याच्याही पुढे धावतं. फाटलेला बंध आत आत ओढला जातो, स्नायूचं मांस कमी होऊन त्यात चरबी भरते. ताजा फाटलेला बंध तीन-चार महिन्यांच्या आत शिवला तर तो हाडापर्यंत ओढून आणता येतो. उशीर झाला तर ओढला तरी येत नाही, किंवा शिवलेला परत सुटतो. तुमचे दहा आठवडे झालेत. म्हणून ही एक तपासणी मृगाच्या नावावर पुढे ढकलू नका. आणि पहिल्याच दिवशी नागपूरला धावायचीही गरज नाही. खांद्याची सोनोग्राफी, चांगल्या हाताची असेल तर, बंध पूर्ण फाटलाय का एवढं सांगते आणि एमआरआयपेक्षा बरीच स्वस्त पडते. ऑपरेशनचा विचार पक्का व्हायला लागला की सर्जन एमआरआय मागतीलच, कारण स्नायूत चरबी किती भरली ते त्यात नीट दिसतं. पुतण्याचं 'एमआरआय करा' बरोबर आहे. 'ऑपरेशन उरकून टाका' हे मात्र अहवाल यायच्या आधीच ठरवलेलं आहे. बंध शाबूत निघाला तर शिवायचं काय?

तिन्ही एकत्र निघालं, खांदा निखळणं, बंध फाटणं आणि नस दुखावणं, तर घाबरून जाऊ नका. हे त्रिकूट डॉक्टरांच्या ओळखीचं आहे. त्यात बंध शिवायचा का, आणि नसेसाठी थांबायचं की नाही, हे सर्जन तुमच्या यजमानांचा खांदा आणि त्यांचं काम बघून ठरवतील. तुम्ही त्यांना एवढंच स्पष्ट सांगा: उजवाच हात, शेती हेच पोट.

हाडवैद्याबद्दल मला तुमच्या भासऱ्यांचा अपमान करायचा नाही. आमच्याही घरी पाय मुरगळला की तेल लावून बांधणाराच यायचा आणि त्याच्या हाताला गुण होता. पण तो गुण मुरगळीला होता. इथं बसवायला काही शिल्लक नाही, खांदा एक्सरेत जागेवर आहे. उरली नस आणि बंध, आणि या दोन्ही गोष्टी चोळून जुळत नाहीत. उलट खांदा जोरात फिरवला, 'कट' असा आवाज काढला, तर अर्धा फाटलेला बंध पूर्ण फाटू शकतो, जुळत आलेला हाडाचा कोपरा उचकटू शकतो. काखेतली रक्तवाहिनी दुखावली असेल तर ओढाताणीनं फाटल्याच्या नोंदी आहेत. भासऱ्यांना नाही म्हणणं तुम्हाला जड जात असेल तर असं सांगा: "सोनोग्राफी होऊ द्या, कागद घेऊन तुम्हीच चला आमच्यासंगं." माझा अनुभव असा, की दवाखान्यात सोबत नेलेला मोठा भाऊ घरी परत येताना बदललेला असतो. घरी बसलेला मोठा भाऊ कधी बदलत नाही.

तसंच 'नसेची सुई' आणि 'करंटची मशीन'. तालुक्याला दोन्ही मिळतात. बी-१२ अंगात कमी असेल तर त्याची सुई घ्या, नसेल तर त्यानं फाटलेला बंध जुळणार नाही. करंटनं गप्प स्नायू क्षणभर उडतो, बघायला बरं वाटतं, पण नस त्यानं लवकर वाढत नाही. रोज शंभर-दोनशे रुपये आणि गाडीभाडं घालून महिनाभर जाण्यापेक्षा तेच पैसे ईएमजीसाठी ठेवा. आणि बंध फाटलाय की नाही हे कळायच्या आधी कोणी दुखणं थांबवायला सांध्यात सुई देतो म्हणाला, तर हात जोडून नको म्हणा.

तपासणीला जाईपर्यंत घरी काय? हात दिवसभर गळ्यात बांधून ठेवू नका, त्यानं सांधा आखडेल. पण स्नायू ढिला असताना दंडाचं वजन खांद्याला खाली ओढत राहतं, म्हणून चालताना आणि एसटीत बसताना दुपट्ट्याची झोळी करून कोपराला आधार द्या. रात्री उताणं झोपताना कोपराखाली घडी केलेलं पांघरूण ठेवा, दुखणं कमी होईल. दिवसातून तीन-चार वेळा बाजेच्या माच्याला डाव्या हातानं धरून पुढे वाकायचं, उजवा हात सैल सोडून घड्याळाच्या लोलकासारखा झुलवायचा. नंतर उताणं झोपून दोन्ही हातांत काठी धरायची आणि डाव्याच्या जोरानं उजवा वर न्यायचा, दुखेल त्याच्या अलीकडे थांबायचं. दहा वेळा पुरे. ताकदीचे व्यायाम, रबर ओढणं, वजन उचलणं, हे तपासणीनंतर. आणि डोक्यावर हात नेऊन कशालाही लटकायचं नाही, टेम्पोच्या दांडीलासुद्धा नाही.

बोटं गार पडली, पांढुरकी झाली, मनगटाची नाडी डाव्यापेक्षा मंद लागली, काखेत ठसठसणारी गाठ हाताला आली किंवा बधिरपणा बोटांकडे उतरायला लागला, तर त्याच दिवशी दवाखाना. रक्तवाहिनीची इजा कधी कधी आठवड्यांनीही डोकं वर काढते.

कुठे जायचं? सोनोग्राफी तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होऊ शकते. ईएमजी आणि खांद्याचं ऑपरेशन यासाठी सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, वर्ध्याजवळच्या सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय, नागपूरचं मेडिकल आणि तिथल्याच मिहानमधलं एम्स इथं चौकशी करा. जाण्याआधी फोन करून ओपीडीचा वार आणि ईएमजीचा वार विचारा. ही तपासणी रोज होईलच असं नाही, आणि एक फेरी वाया गेली की तुमची दोन दिवसांची मजुरी जाते. रेशन कार्ड, आधार आणि पहिल्या दिवसाचे दोन्ही एक्सरे, बसवण्याआधीचा आणि नंतरचा, सोबत न्या. पहिला एक्सरे लोक घरीच ठेवतात, 'तो तर जुना झाला' म्हणून, आणि सर्जनला तोच हवा असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण तुमचं ऑपरेशन योजनेच्या यादीत बसतं का आणि बाहेर केलेल्या तपासणीचे पैसे धरतात का, हे भरती व्हायच्या आधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, नंतर नाही. शेतकरी अपघात अनुदानाचीही चौकशी तालुका कृषी कार्यालयात करून ठेवा. मात्र ती मदत मृत्यू किंवा अवयव कायमचा निकामी होण्यासाठी आहे, त्यामुळे तिच्या भरवशावर उसने घेऊ नका.

आता पेरणी. तुम्ही विचारलंय, 'यंदा डवरा (कोळपं) धरता येईल का?' यंदा नाही. हे आताच मान्य केलंत तर मजुराची सोय मृगाआधी होईल, भर डवरणीत धावपळ होणार नाही. सरकी टोबायला त्यांना लावू नका. वाकून हात पुढे नेत राहणं या खांद्याला झेपणार नाही. फवारणीचा पंप तर अजिबात नाही. पाण्यानं भरलेला सोळा लिटरचा पंप पाठीवर आणि त्याचा पट्टा नेमका त्याच खांद्यावर. कोपर अंगाला चिकटवून कमरेच्या उंचीला जे जे होईल ते त्यांचं काम: बियाणं-खताचा हिशेब, मजुरांवर देखरेख, गुरांना चारा डाव्या हातानं. गियरची फटफटी सध्या दुसऱ्याला चालवू द्या. बंध शिवावा लागला तर पहिले चार ते सहा आठवडे झोळी, हलकी कामं तीन महिन्यांनंतर, ओढण्या-उचलण्याची सहा महिन्यांच्या आसपास. म्हणजे जूनमध्ये ऑपरेशन झालं तर वेचणीला ते तुमच्यासोबत शेतात असतील, पण पोतं उचलायला नाहीत.

खांदा परत निखळेल का, ही भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण बहुतेकांना असते. पंधरा-वीस वर्षांच्या पोराचा खांदा एकदा उतरला की वारंवार उतरतो. छेचाळिसाव्या वर्षी तो धोका बराच कमी असतो. या वयात प्रश्न असतो ताकदीचा आणि आखडण्याचा. वेळेत कळलं आणि व्यायाम टिकवला तर डोक्याला दुपट्टा गुंडाळता येईल, जेवता येईल, शेतातली बहुतेक कामं होतील. डोक्याच्या वरचं काम, झाडावर चढणं किंवा जड पोतं खांद्यावर घेणं, यात थोडी कसर कदाचित राहील. तुम्ही लिहिलंत, की पुतणीच्या लग्नात त्यांनी अक्षता डाव्या हातानं टाकल्या आणि त्यानंतर ते पानठेल्यावर जायचे बंद झाले. हे डॉक्टरांनाही सांगा. हात गप्प झाला की माणूसही गप्प होतो, आणि गप्प झालेला माणूस व्यायाम करत नाही. एखादा शेजारी रोज संध्याकाळी त्यांना ठेल्यापर्यंत घेऊन गेला तर माझ्या निम्म्या व्यायामांचं काम होईल.

आणि ती शेवटची ओळ. दरवर्षी चिंचा कोण झोडत होतं, ताई? तेच ना? मग यंदा तुम्ही सांगितलं नसतं तरी ते चढलेच असते, फार तर दोन दिवस उशिरा.

सोनोग्राफीचा कागद हातात आला की त्यात आधी एक गोष्ट शोधा. 'फुल थिकनेस टेअर' असं लिहिलं असेल तर बंध आरपार फाटलाय, त्याच आठवड्यात सर्जनकडे जा. पुढे एमआरआय झाला तर त्यात 'रिट्रॅक्शन' शब्दापुढे किती सेंटिमीटर लिहिलंय ते बघा, बंध तेवढा आत सरकलाय. तो आकडा आणि ईएमजीचा कागद, दोन्हीचे फोटो मला पाठवा. आणि दर रविवारी त्यांच्या खांद्यावर चार बोटं ठेवून भिंतीवर कोपर दाबायला सांगायचं विसरू नका. हात उठायच्या कितीतरी आधी तो स्नायू तुमच्या बोटांखाली हलेल. ज्या रविवारी हलेल, ती तारीख लिहून ठेवा.